तेरीज जुळली, पुढं काय?

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची जुळणी, म्हणजे ट्रायल बॅलन्स) चुकत नाही. वहीवर तेरीज जुळवण्यात ज्यांच्या संध्याकाळी गेल्या आहेत, त्यांना यातला बदल केवढा मोठा आहे ते लगेच कळेल. नावेची आणि जमेची बेरीज जुळली नाही, की आधी फरकाला नवानं भाग जातो का ते बघायचं. जात असेल तर कुठंतरी ५४ चे ४५ झालेले असण्याची शक्यता. मग फरकाच्या निम्मी रक्कम वहीत शोधायची; सापडली तर ती बहुधा चुकीच्या बाजूला पडलेली. चूक हुडकता हुडकताच मुलाला खतावणी, म्हणजे नोंदी खात्यांत उतरवणं, कळायची. टॅली मात्र दोन्ही बाजू समान झाल्याशिवाय व्हाउचर (व्यवहाराची नोंद) स्वीकारतच नाही, आणि एकदा स्वीकारलं की खतावणी, तेरीज, नफा-तोटा, ताळेबंद सगळं त्याच क्षणी तयार असतं. आरंभीच्या शिलकांत फरक असला तर तेवढा ती वेगळ्या ओळीत दाखवते. बाकी तेरीज जुळलेलीच असते, आणि मुलगा समजतो की हिशेब बरोबर आला.

वाणिज्य शिकवणाऱ्या शिक्षकाच्या डिजिटल कौशल्याचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा असं आम्हांला वाटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) आणि बीकॉमच्या वर्गांत संगणक आले, प्रोजेक्टर आले, दीक्षा आणि स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचांवरचे अभ्यासक्रम आले. प्रशिक्षणंही होतात. पण त्यांत बहुतेक वेळ बटणं शिकण्यात जातो, आणि बटणं टिकत नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅली प्राइम आलं तेव्हा क्रेडिट नोट कंट्रोल-एफ ८ वरून ऑल्ट-एफ ६ वर गेली, डेबिट नोट कंट्रोल-एफ ९ वरून ऑल्ट-एफ ५ वर. पेमेंट एफ ५, रिसीट एफ ६, जर्नल एफ ७ या जागा तशाच राहिल्या. ज्या शिक्षकाला माल परत आल्यावर कुणाचं खातं नावे पडतं हे पक्कं ठाऊक होतं, त्याला नवी जागा सापडायला दोन मिनिटं लागली असतील. ज्याची फक्त बोटं शिकलेली होती, त्याला पुन्हा प्रशिक्षण लागलं.

सॉफ्टवेअर जे काम गुपचूप उरकून टाकतं ते उघडं करून मुलांसमोर ठेवता येणं, हे आमच्या मते या विषयातलं खरं कौशल्य आहे. त्यासाठी ते काम कुठं उरकलं जातं ते शिक्षकाला नेमकं माहीत हवं.

टॅलीत अशी पहिली जागा म्हणजे लेजरचा, म्हणजे खात्याचा, गट. तयार गट २८ असतात, १५ मुख्य आणि १३ उपगट. नवं खातं उघडताना ते कोणत्या गटाखाली ठेवायचं एवढा एकच प्रश्न विचारला जातो, आणि वहीतला सगळा विचार त्या एका उत्तरात मावतो. मजुरी डायरेक्ट एक्स्पेन्सेसखाली की इनडायरेक्टखाली, बँकेचं कर्ज लोन्सखाली की बँक ओडीखाली, एवढं चुकलं तरी तेरीज जुळते. बिघडतो तो नफा-तोटा किंवा ताळेबंद, तोही बेरीज न मोडता. त्यात व्हाउचर भरता भरताच ऑल्ट-सी दाबून नवं खातं उघडायची सोय आहे. ती उपयोगी आहे, पण घाईत मुलं पहिल्यांदा दिसेल तो गट निवडतात, किंवा आधीपासून असलेलंच खातं वेगळ्या स्पेलिंगनं पुन्हा उघडतात. पाटील ट्रेडर्स आणि पाटिल ट्रेडर्स अशी दोन देणेकरी मग एकाच पेठेत उभी राहतात. म्हणून पहिले काही तास ऑल्ट-सी वापरू देऊ नये. आधी खात्यांची यादी कागदावर, प्रत्येकापुढं गट, गटापुढं कारण, नंतरच संगणक.

याच्या पुढची पायरी आम्हांला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि ती फार कमी ठिकाणी होते: मुलांना चुका पेरलेली कंपनी द्यायची. तयारी अशी. एक छोटी कंपनी उघडायची, तीस-चाळीस व्यवहार अचूक भरायचे, बॅकअप घेऊन तो स्वतःजवळ ठेवायचा. मग तीच कंपनी उघडून पाच चुका घालायच्या आणि दुसरा बॅकअप घ्यायचा. मुलांना हा दुसरा. चुका अशा निवडाव्यात की प्रत्येकीचा परिणाम वेगळ्या ठिकाणी उमटेल. कारखान्यातली १२,००० रुपयांची मजुरी इनडायरेक्ट गटात टाकली, तर ढोबळ नफा १२,००० नं फुगतो, निव्वळ नफा मात्र हलत नाही. ८०,००० रुपयांचं लेथ मशिन खरेदी खात्यात गेलं, तर दोन्ही नफे ८०,००० नं घसरतात आणि ताळेबंदातून मशिनच गायब होतं. मालकानं घरखर्चाला उचललेले १५,००० पगारात दाखवले, तर निव्वळ नफा तेवढा कमी येतो, पण उचल काय नि कमी नफा काय, दोन्ही शेवटी भांडवलातूनच वजा होतात; ताळेबंदाची बेरीज एका रुपयानंही बदलत नाही. ही चूक सगळ्यांत उशिरा सापडते. चौथी चूक दोनदा उघडलेल्या खात्याची. पाचवी राज्य चुकलेल्या ग्राहकाची, तिच्याकडं पुढं येतो.

शोध उलट दिशेनं घ्यायला लावावा. ताळेबंदातल्या ओळीवर एंटर, मग गटावर, खात्यावर, महिन्यावर, शेवटी व्हाउचरवर. वहीत आपण नोंदीपासून ताळेबंदाकडं जातो. टॅलीत ताळेबंदापासून नोंदीकडं उतरता येतं, आणि हे वहीला कधीच जमलं नसतं. इथं सॉफ्टवेअर वहीपेक्षा सरस शिक्षण देतं, म्हणून ते इथंच मन लावून वापरावं. उत्तर मात्र कागदावर घ्यावं: कोणतं व्हाउचर, काय चुकलं, कोणत्या अहवालातला कोणता आकडा किती रुपयांनी हलेल. दुरुस्ती करण्याआधी हा शेवटचा आकडा लिहून घेतला पाहिजे. आधी दुरुस्ती आणि मग आकडा असं झालं, की मूल पडद्यावरचं उतरवून काढतं.

शेवटच्या साठ्याचं कामही टॅली असंच गुपचूप उरकते. पुस्तकात शेवटचा साठा समायोजनांत दिलेला असतो. टॅलीत तो टाकायचा कुठं हे मुलांना सापडत नाही, कारण मालाच्या नोंदी सुरू असतील तर टॅली साठा स्वतःच मोजते, तोही न विचारता सरासरी किमतीनं. पुस्तकातलं उदाहरण फिफोचं (आधी आलेला माल आधी गेला असं धरण्याचं) असेल तर उत्तर जुळणारच नाही. तिथं स्टॉक आयटममध्ये मूल्यांकनाची पद्धत बदलावी लागते. मालाच्या नोंदी न ठेवता फक्त हिशेब शिकवायचा असेल, तर एफ ११ मध्ये हिशेब आणि माल यांची सांगड बंद करावी, आणि स्टॉक-इन-हँड गटातल्या लेजरमध्ये तारीख घालून शेवटची शिल्लक भरावी. हे सांगितलं नाही, तर साठ्यासाठी मुलं जर्नल एंट्री करायला बघतात आणि तिथंच अडकतात.

आता सीमेकडं येऊ. जीएसटी शिकवायला बेळगावसारखी जागा देशात कमी असतील. १ जुलै २०१७ पासून राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा), राज्याबाहेर असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य), हे वाक्य मुंबईतलं मूल पाठ करतं. आमच्याकडच्या मुलाला ते रस्त्यावर दाखवता येतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं एक लाखाची कास्टिंग (ओतीव भाग) वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीला पाठवली, तर माल चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात गेला: १८ टक्क्यांनी आयजीएसटी १८,०००. तोच माल पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला गेला, तर सीजीएसटी ९,००० आणि एसजीएसटी ९,०००. निपाणीचा व्यापारी कागलला विकतो तेव्हा आयजीएसटी, बळ्ळारीला विकतो तेव्हा दोन निम्मे कर. अंतराचा कराशी संबंध नाही, हे इथल्या मुलाला एका नकाशात पटतं. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकातलं किंवा यूट्यूबवरचं उदाहरण जसंच्या तसं उचलू नये. तिथं विक्रेता महाराष्ट्राचा असतो आणि आमच्या वर्गात तो कर्नाटकाचा हवा.

सॉफ्टवेअरमध्ये हे चुकतं कुठं? ग्राहकाच्या लेजरमध्ये राज्य भरताना. कंपनी कर्नाटकची असली की नव्या खात्यात कर्नाटक हेच नाव समोर येतं, आणि एंटर दाबत जाणारं मूल ते तसंच ठेवतं. पुढं बिलात आयजीएसटीचं लेजर निवडलं की रक्कम शून्य येते. मग रक्कम हातानं भरली जाते आणि बिल वरवर बरोबर दिसतं. विवरणपत्राच्या अहवालात मात्र ते दुरुस्ती हवी असलेल्या व्यवहारांत जाऊन बसतं. उपाय साधा आहे: लेजर उघडताना जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक मोठ्यानं वाचायला लावायचे. २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र. पंधरा अक्षर-अंकांतले पुढचे दहा म्हणजे पॅन. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांक टाकून नोंदणीदाराचं नाव आणि स्थिती बघता येते. प्रोजेक्टरवर हे एकदा दाखवावं. एकाच नावाची दोन खाती उघडली गेलीत का, हेही या क्रमांकावरून पटकन कळतं. स्पेलिंग बदलतं, क्रमांक बदलत नाही.

ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं बिल) शिकवताना पन्नास हजारांची मर्यादा सगळे सांगतात. सीमेवर शिकवणाऱ्यानं त्याच्या पुढचा नियमही सांगायला हवा: माल जॉबवर्कसाठी (फक्त काम करून परत आणायला) दुसऱ्या राज्यात पाठवत असाल, तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. म्हणजे उद्यमबागेतून वीस हजारांचं ओतकाम फक्त मशिनिंगसाठी शिनोळीला धाडलं, तरी विक्री झालेली नाही, कर लागलेला नाही, पण ई-वे बिल हवं. कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरलं जातं. बीकॉम संपवून मूल ज्या कारखान्यात हिशेबाला बसणार आहे, तिथं पहिल्या आठवड्यात त्याला हाच प्रश्न पडेल. तो पाठ्यपुस्तकाच्या कडेला असला, तरी आमच्या जिल्ह्यात मधोमध आणायला हवा.

दर बदलतात तेव्हाही शिकवायची मोठी संधी येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची मांडणी बदलली आणि १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले. सिमेंट २८ वरून १८ वर आलं, तूप-लोणी १२ वरून ५ वर. वर्गातल्या जुन्या सरावपत्रिकांत अजून २८ टक्के आहेत. त्या फेकून देऊ नयेत. दहा हजारांच्या सिमेंटचं बिल २ सप्टेंबरला २,८०० करासह आणि १ ऑक्टोबरला १,८०० करासह येतं, हे दोन्ही करून घ्यावं. यात मुलाला कळतं की दर व्हाउचरमध्ये खोडून बदलायचा नसतो. वस्तूच्या मास्टरमध्ये तो कोणत्या तारखेपासून लागू ते भरायचं असतं. नाहीतर जुनी बिलं उघडताना गोंधळ होतो.

वरच्या तारखा २ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर का घेतल्या, तेही सांगतो. परवाना न घेता टॅली शैक्षणिक पद्धतीनं फुकट वापरता येते, आणि आमच्या भागातल्या अनेक लॅबमध्ये तीच असते. तिच्यात व्हाउचरला महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत तर दोनच. पुस्तकातलं उदाहरण ५ एप्रिल, १२ एप्रिल, २० एप्रिल असं असतं. मूल ते भरायला जातं आणि तारीख घेतली जात नाही. शिक्षकानं उदाहरणं आधीच या तारखांना बसवून घ्यावीत आणि मूळ तारीख नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या तपशिलात, लिहायला लावावी. पण ज्या धड्यांत दिवस मोजायचे असतात, म्हणजे उशिराच्या रकमेवरचं व्याज, देणेकऱ्यांची उधारी किती दिवसांची, बँक जुळवणी, ते या पद्धतीत नीट शिकवता येत नाहीत. ते धडे स्प्रेडशीटमध्ये न्यावेत. टॅलीची ही मर्यादा माहीत नसलेला शिक्षक तासभर कीबोर्ड तपासत बसतो.

लॅबमधल्या बाकीच्या अडचणी थोडक्यात. टॅली व्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लॅबमध्ये लावू देऊ नये. विसरला तर डेटा परत मिळत नाही. कंपनीच्या नावात हजेरी क्रमांक असावा, म्हणजे एका संगणकावर तीन तुकड्यांचं काम मिसळत नाही. मुलानं घरी नवी आवृत्ती उतरवली आणि त्यात डेटा उघडला, की तो लॅबमधल्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही. सत्राच्या सुरुवातीला आवृत्ती ठरवून सगळ्यांना तीच द्यावी. जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याकडं पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. टॅलीला इंटरनेट लागत नाही ही मोठी सोय. वीज गेली तर हातातलं एक व्हाउचर जातं, आधीची राहतात. तरी तास संपताना पेन ड्राइव्हवर बॅकअप, हा नियम मोडू नये.

स्प्रेडशीटबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिचा दरारा टॅलीएवढा नाही आणि चुका मात्र जास्त. एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे आणि या सगळ्याला पुरतं. पहिली खोच तारखेची. विंडोजमध्ये प्रांत अमेरिका ठेवलेला असेल, तर ०३/०४/२०२५ हा ३ एप्रिल न राहता ४ मार्च होतो, म्हणजे व्यवहार थेट आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन पडतो. १३/०४/२०२५ ही तर तारीखच राहत नाही, नुसता मजकूर होतो. ओळखायची खूण अशी की मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो, तारीख उजव्या. प्रांत भारत केला की त्यानंतर भरलेल्या तारखा बरोबर येतात आणि आकड्यांत स्वल्पविरामही लाख-कोटींप्रमाणे पडतात.

दुसरी खोच व्याजाच्या दराची. एक लाख रुपये, वार्षिक १२ टक्के, २४ हप्ते. हप्ता काढणाऱ्या पीएमटी सूत्रात दर १२ टक्के भागिले १२ असा द्यायचा. हप्ता ४,७०७ रुपये ३५ पैसे येतो. मुलं भागायला विसरतात आणि १२,८४६ रुपयांचा हप्ता येतो. उत्तर मान्य करण्याआधी २४ नं गुणायची सवय लावावी: एक लाखाच्या कर्जाचे तीन लाख आठ हजार फिटत नसतात, हे दहावीतल्या मुलालाही कळतं. याच पानावर पुढचं करून घ्यावं. कर्ज देणारा बारा टक्के सपाट, म्हणजे सगळ्या मुदतीत मूळ रकमेवरच व्याज, म्हणतो तेव्हा काय होतं? दोन वर्षांचं व्याज २४,०००, हप्ता ५,१६६ रुपये ६७ पैसे. घटत्या शिलकेवर एकूण व्याज १२,९७६ च्या आसपास होतं. व्याजदर काढणारं रेट सूत्र चालवलं, तर सपाट बारा टक्के म्हणजे प्रत्यक्षात वर्षाला साडेएकवीस टक्के निघतात. आमच्या गावोगावी पतसंस्था आहेत, बचत गट आहेत, सूक्ष्म कर्जं देणाऱ्या कंपन्यांची माणसं दारोदार येतात. विडी वळणाऱ्या आईच्या कर्जाचं कार्ड घेऊन मुलगी घरी हे गणित करू शकते. वाणिज्य शाखेच्या मुलीला याहून उपयोगी धडा आम्हांला सुचत नाही.

तिसरी खोच एनपीव्हीची, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्याची. एक लाखाचं मशिन, तीन वर्षं दरवर्षी ४०,००० ची आवक, दर १० टक्के. वहीत तीन अंकी कोष्टक वापरलं तर उत्तर उणे ५६० येतं. संगणकावर नीट केलं तर उणे ५२५ रुपये ९२ पैसे. आणि सुरुवातीचा एक लाखही एनपीव्ही सूत्राच्या कंसात टाकला तर उणे ४७८ रुपये ११ पैसे. पहिल्या दोघांतला फरक कोष्टकातल्या अंकांचा, तो चालतो. तिसरं उत्तर चूक आहे, कारण हे सूत्र पहिली रक्कमही वर्षाअखेरची धरून तिची सूट काढतं. सुरुवातीची गुंतवणूक कंसाबाहेर वजा करायची असते. चिन्ह उणेच राहत असल्यामुळं निर्णय बदलत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकते. एका वर्गात तीन मुलांची तीन उत्तरं आली, तर शिक्षकाला तिन्हींचं कारण सांगता आलं पाहिजे. घसाऱ्याबाबतही तसंच: घटत्या शिलकेवर घसारा काढणारं डीबी सूत्र दर विचारत नाही, अवशेष किंमत आणि आयुष्य विचारतं, आणि दर स्वतः काढून तीन दशांशांवर आणतं. आपल्या पुस्तकात दर दिलेला असतो. तिथं सूत्राचा मोह सोडून आरंभीची किंमत गुणिले दर असा साधा तक्ता करावा.

बिझनेस स्टडीजचा विषय वेगळा आहे. तिथं स्लाइडवर पुस्तकाचे परिच्छेद चिकटवणं यालाच डिजिटल अध्यापन म्हटलं जातं, आणि ते आम्हांला मनापासून खटकतं. फेयोलची चौदा तत्त्वं स्लाइडवर आली म्हणून जास्त कळत नाहीत. त्यापेक्षा अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव क्विंटलमागं. मिरची, कांदा, बटाटा, काहीही घ्या. महिनाभराचे आकडे उतरवून आवक आणि भाव यांचा आलेख काढायला लावला, तर विपणनाच्या धड्यातलं साठवण आणि प्रतवारीचं महत्त्व मुलं स्वतः सांगतात.

भाषेची अडचण इथं दुहेरी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल पीयूसीत इंग्रजी पुस्तकासमोर बसतं, बिलं आणि सरकारी अर्ज त्याला कन्नडमध्ये भेटतात, आणि घरच्या दुकानात जमा-खर्च मराठीत चालतो. टॅलीत प्रत्येक लेजरला दुसरं नाव द्यायची सोय आहे. पहिल्या महिन्यात तिथं मजुरी, भाडं, उचल, येणं, देणं अशी नावं घालून द्यावीत. दोन्ही नावांनी खातं सापडतं, आणि इंग्रजी नाव हळूहळू अंगवळणी पडतं. टिपणं वाटताना जुन्या टायपिंग फॉन्टमधला मजकूर पाठवू नये. कॉलेजच्या संगणकावर मराठी किंवा कन्नड दिसतं आणि मुलाच्या मोबाइलवर नुसती चिन्हं. युनिकोडमध्ये टाइप केलेलंच सगळीकडं वाचता येतं.

चाचणीसाठी गूगल फॉर्म बरा, पण हिशेबाच्या प्रश्नात एक अडचण आहे. उत्तर १२००० असं ठरवलेलं असेल आणि मुलानं १२,००० लिहिलं, तर शून्य गुण. त्या प्रश्नाला फक्त आकडाच भरता येईल अशी अट लावावी आणि स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह नको असं प्रश्नातच लिहावं. नकलेचा प्रश्न आकड्यांनीच सुटतो: मूळ रक्कम ५०,००० अधिक हजेरी क्रमांक गुणिले १००. सातव्या मुलाचं कर्ज ५०,७००, एकविसाव्याचं ५२,१००. शिक्षकाच्या शीटमध्ये हजेरी क्रमांकाच्या स्तंभाशेजारी उत्तराचं सूत्र एकदा लिहून खाली ओढलं, की साठ उत्तरं तयार. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं उत्तर मग कुणाच्याच कामाचं राहत नाही. फिरते ती पद्धत, आणि ती फिरायलाच हवी. एआयला विचारून आणलेल्या नोंदींनाही हीच कसोटी लावावी. प्रश्नात विक्रेता आणि ग्राहक यांची राज्यं लिहिलेली नसतील, तर तो कर वगळतो किंवा मनानं धरतो. मुलांनी त्याचं उत्तर आणावं आणि त्यात सीमा कुठं चुकली ते लाल शाईनं दाखवावं.

हे सगळं एकट्या शिक्षकानं उभारायचं म्हटलं तर दमछाक होते. युनेस्कोच्या शिक्षकांसाठीच्या २०१८ च्या आराखड्यात तीन पातळ्या आहेत: तंत्रज्ञानाची ओळख, विषयात त्याचा खोल वापर, आणि स्वतः नवं साहित्य घडवणं. आपली बहुतेक प्रशिक्षणं पहिल्या पातळीवर थांबतात. तिसऱ्या पातळीला जायला मोठा निधी लागत नाही. शेजारच्या दोन-तीन कॉलेजांतल्या शिक्षकांनी चुका पेरलेल्या कंपन्यांची अदलाबदल केली तरी पुष्कळ होतं. निपाणीतल्या शिक्षकानं तंबाखू व्यापाऱ्याची, शहापूर-वडगावच्या बाजूच्यानं साडी विणणाऱ्या मागवाल्याची, खानापूरच्यानं विटा-कौलांच्या भट्टीची. रविवार पेठेत किंवा खडेबाजारात हिशेब लिहिणाऱ्या एखाद्या अनुभवी अकाउंटंटला तासभर बोलावून त्याच्याकडं कोणत्या चुका वारंवार येतात ते विचारावं. पेरायच्या चुका तिथूनच मिळतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना केलेला प्रत्येक बदल नोंदवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, हे त्यालाच मुलांसमोर सांगू द्यावं. खरी बिलं वापरायची तर नाव, मोबाइल आणि जीएसटी क्रमांकाचे मधले अंक झाकून. कुणाचंही खरं लॉगिन वर्गात उघडू नये.

बॅकअपच्या फाइलबरोबर एक कागद द्यावा. टॅलीची आवृत्ती कोणती, नोंदी कोणत्या महिन्यापर्यंत, दर २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचे की नंतरचे, साठा टॅली मोजते की हातानं भरलाय, आणि पेरलेल्या चुका किती. चुका कोणत्या ते वेगळ्या पाकिटात. घेणाऱ्या शिक्षकानं कंपनी आधी स्वतः सोडवावी आणि मगच पाकीट उघडावं. त्याला सापडलेल्या चुका पेरलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या, तर यादीत त्यांची भर घालून फाइल पुढच्या कॉलेजला पाठवावी.